तीन चाकं आणि चौथं लिंबू

आमच्या घरात ताटात एकदम तीन पोळ्या वाढत नाहीत. आधी दोन वाढायच्या, मग एक. तिन्ही एकदम वाढायची वेळ आलीच, तर चौथीचा चतकोर तोडून कडेला ठेवायचा. तीन तिगाडा, काम बिगाडा! मी चौतीस वर्षं सरकारी दवाखान्यांत नर्स होते. खेड्यापाड्यांत सुया टोचत फिरले, कितीतरी लेकरांच्या दंडातले गंडेदोरे कात्रीनं कापले, आयांना चार शब्द सुनावले. पण हा तिनाचा धाक काही माझा मला कापता आला नाही. त्यामुळे आमच्या ह्यांनी मागच्या उन्हाळ्यात जेव्हा जाहीर केलं, की आपल्याला तीन चाकांची मोटार घ्यायची आहे, तेव्हा माझ्या तोंडून पहिलं निघालं ते "अगं बाई!" आणि त्यानंतर जे निघालं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

ह्यांची ओळख करून देते. बत्तीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक. नोकरी चिखलीत झाली, घर चिखलीत बांधलं, पण जीभ मात्र घाटाखालच्या सोनाळ्याचीच राहिली. मी घाटावरची, हे घाटाखालचे. लग्नानंतर सहा महिने मला त्यांचं निम्मं कळायचं नाही आणि कळायचं त्याचा राग यायचा. रिटायर झाल्यावरही गल्लीतले मिक्सर, कुकर, पाण्याच्या मोटारी, सगळं आमच्या ओट्यावर यायचं. पैसे कोणाकडून घेतले नाहीत कधी, फक्त ज्याची वस्तू त्याला शिव्या फुकट.

संक्रांतीनंतर आठ दिवसांनी, सकाळी दात घासताना त्यांच्या हातातून तांब्या निसटला. मी आवाजावरूनच ओळखलं. धावले, तोंड पाहिलं आणि पाचव्या मिनिटाला शेजाऱ्याच्या गाडीत घालून दवाखान्यात. वेळेत पोचलो म्हणून वाचले. डावी बाजू गेली होती. पाय महिन्याभरात परत आला, म्हणजे काठी टेकत, जरा ओढत, पण आला. हात नाही आला. डावा हात मांडीवर नुसता पडून असायचा, शेजारणीनं सांभाळायला दिलेल्या तान्ह्या पोरासारखा. डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, तुम्हाला काय सांगायचं. पहिले सात-आठ महिने महत्त्वाचे. हाताला काम द्या. नंतर अवघड होत जातं."

व्यायाम शिकवायला फिजिओथेरपीवाली बाई येत असे. तिनं लाल रबरी चेंडू दिला आणि रोज डाव्या मुठीत दाबायला सांगितला. ह्यांनी चार दिवस दाबल्यासारखं केलं, पाचव्या दिवशी उजव्या हातानं उचलून अंगणात भिरकावला.

"हे काय पोट्ट्याचं खेळनं देऊन राह्यले मले?"

मग गल्लीतल्या बायका मिक्सर घेऊन आल्या, तर आतूनच ओरडायचे, "नाही होत माह्याच्यानं. घेऊन जा." ह्यांच्या स्कूटरवर ताडपत्री टाकली ती मीच. कुठे जायचं झालं तर कोणीतरी यायचं आणि म्हणायचं, "बसा मागे." हे जायचेच नाहीत. दिवसभर खुर्चीत बसून पंख्याकडे पाहायचे. मला भीती वाटायची. आणि भीती वाटली की मी ओरडते. त्या तीन महिन्यांत मी इतकी ओरडले की माझा घसा बसला. त्यांच्या हाताला मात्र ढिम्म फरक नाही.

ह्यांचे एक मित्र आहेत, एसटीतलेच रिटायर ड्रायव्हर. मी त्यांना ड्रायव्हरभाऊ म्हणते. रोज संध्याकाळी चहाला यायचे. एक दिवस त्यांनी मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. मेहकर रोडवर शेड टाकलेला एक कारागीर जुन्या काळच्या तीन चाकी मोटारीची हुबेहूब नक्कल बनवत होता. पुढे एक चाक, मागे दोन, अंड्यासारखी गोल गाडी. सगळं किटमध्ये, सुटं. जोडायचं आणि चालवायचं.

हे खुर्चीत ताठ झाले.

"अबे, हे तं वकिलाची गाडी आहे!"

मग मला सगळी कथा ऐकावी लागली. ऐन तारुण्यात मलकापुरात एका गॅरेजवर शिकाऊ होते, तेव्हा तिथल्या एका वकिलांकडे अशी गाडी होती. कोर्टात जायची तर रस्त्यावर माणसं उभी राहायची. तिची तुटलेली क्लचची केबल ह्यांनी बसवून दिली होती आणि वकील म्हणाले होते, "तुझ्या हातात कला आहे." चाळीस-पंचेचाळीस वर्षांत हे वाक्य मला कधी कळलं नव्हतं. लग्नाच्या बायकोला सुद्धा सांगितलं नाही, मेल्या माणसानं!

पण तीन महिन्यांनी त्यांच्या डोळ्यांत काहीतरी हललं होतं. मी तिनाचा धाक गिळला आणि म्हटलं, चला, पाहू तरी.

किटवाला भला माणूस. आम्हाला खुर्च्या दिल्या, थंड पाणी दिलं. "काका, तुमच्यासाठी ऑटोमॅटिक इंजीन टाकतो. क्लच नाही, गिअर नाही. ब्रेक उजव्या हाताला. एका हातानं, एका पायानं चालवा. आठ दिवसांत उभी करून देतो." बनवून ठेवलेली एक पिवळी गाडी होती, तिच्यात ह्यांना बसवलं. ह्यांनी शेडच्या मैदानात दोन फेऱ्या मारल्या. अहो, इतकी छान चालवली! मी तर टाळ्याच वाजवल्या. म्हटलं, झालं, सुटलो. आता हा माणूस आपला आपण बाजारात जाईल, मित्रांकडे जाईल, दवाखान्यात जाईल. मला आणखी काय पाहिजे?

हे उतरले. डावा हात खिशात. "इंजीन उघडून दाखव जरा."

"काका, ते सीलबंद आहे. काही झालं तर मला फोन करायचा, मी माणूस पाठवतो."

"हो काय," हे म्हणाले. "चांगली आहे."

घरी येईपर्यंत डावा हात खिशातच. मी विचारलं, "काऊन, काय वाईट आहे तीत?" मला राग आला की मी त्यांच्याच बोलीत विचारते.

"वाईट काहीच नाही."

"मग?"

"वकिलाची गाडी अजून मलकापुरातच आहे म्हनते हा किटवाला. ते पाहू ना एकडाव."

माझं डोकंच फिरलं. एक गाडी नवीकोरी, एका हातानं चालणारी. दुसरी पन्नास वर्षांची, पायात क्लच, हातात गिअर, आणि ह्यांचा डावा पाय अजून चप्पलसुद्धा धड धरत नाही. जुनं ते सोनं म्हणे! सोनं काय चालवायचं असतं? मी रात्रीच्या भाजीत मीठ दोनदा टाकलं. हे मुकाट्यानं जेवले, तेव्हा कळलं की गोष्ट गंभीर आहे.

शेवटी निघालो. जुन्या जीपमध्ये ड्रायव्हरभाऊ, मी आणि हे. तिघं! चांगल्या कामाला तिघांनी जायचं नसतं, आणि जायचंच झालं तर एक खडा सोबत घ्यायचा. तो चौथा. मी अंगणातला एक खडा कोणाला न दाखवता पर्समध्ये टाकला. राजूर घाट उतरून मोताळ्यावरून मलकापूर येईपर्यंत उन्हानं भाजून निघालो.

वकील जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांच्या बाई, रिटायर हेडमास्तरीण, वय अठ्ठ्याहत्तर, पांढरं सुती पातळ, आवाज असा की मी सुद्धा नीट बसले. बैठकीत बुद्धाची मूर्ती, समोर ताजी फुलं, आणि पुस्तकांची दोन कपाटं. बाईंनी आधीच सांगून टाकलं, "हायवेवरचा एक ढाबेवाला येऊन गेला. गाडी गेटवर टांगायची म्हणे. मी त्याला उभ्या उभ्या घालवला. गाडी मी देईन, पण जो चालती करेल त्याला. दसऱ्याला मला तिच्यात बसवून फिरवायचं. नाही जमलं, तर होती तशी परत आणून ठेवायची. कबूल असेल तर पाहा."

घाम पुसायला मी पर्समधून रुमाल ओढला आणि खडा टणकन फरशीवर पडला.

"हे काय, सिस्टर?"

खोटं बोलायचं कसब माझ्यात नाही. सांगून टाकलं. बाई चष्म्यावरून पाहत राहिल्या. "अहो, तुम्ही आरोग्य खात्यातल्या ना?"

माझी बाजू घ्यायला म्हणून ड्रायव्हरभाऊ हसत पुढे सरकले. "जाऊ द्या मॅडम, वहिनीले सांगासारखं नव्हतं, पन..." आणि शर्टाच्या खिशातून स्वतःचा खडा काढून टीपॉयवर ठेवला. मग आमचं दोघांचं लक्ष ह्यांच्याकडे गेलं. हे छताकडे पाहत होते. आयुष्यभर मला अडाणी म्हणणारा हा माणूस! मी म्हटलं, "काढा." त्यांनी उजवा हात आडवा घालून डाव्या खिशातून खडा काढला.

"आता हे तीन खडे झाले," हेडमास्तरीणबाई म्हणाल्या. "ह्या खड्यांसाठी चौथा कुठून आणता?" आणि इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मी पाठीवर हात फिरवला, पाणी दिलं. त्यानंतर त्या आमच्याशी घरच्यासारख्या बोलू लागल्या.

गाडी मागच्या शेडमध्ये होती. तिन्ही टायर बसलेले, सीटमध्ये उंदरांचा संसार, रंग कोणता होता ते विचारूनच कळावं अशी अवस्था. पुढचं झाकण उघडलं तर आत स्टेपनी, तीच काय ती धडधाकट. मी मनात म्हटलं, हे पाहिल्यावर तरी ह्यांच्या डोक्यातलं खूळ उतरेल आणि आपण उद्याच पिवळ्या गाडीचं पक्कं करू.

हे मागे गेले. काठी भिंतीला टेकवली. इंजिनावरचं झाकण चिमटीनं फिरवायच्या एका नटानं बसवलेलं होतं. उजव्या हातानं ते नट फिरवू लागले. तोंड किंचित उघडं. हे तोंड मी ओळखते, कामात असले की असंच उघडं राहतं. नट सैल होत होत शेवटच्या आट्यावर आला, आणि डावा हात खिशातून बाहेर निघून नटाच्या खाली गेला.

बत्तीस वर्षं उजव्या हातानं सोडलेलं डाव्यानं झेललं होतं. त्या हाताला कोणी सांगितलं नव्हतं, दाब म्हणून, उचल म्हणून. तो आपला गेला. नट तळव्यावर पडला, बोटं मिटली नाहीत, नट घरंगळून खाली गेला. ह्यांना काही कळलंच नाही. ते वाकून नट शोधू लागले, "अबे, कुठी गेला?" मी मात्र शेडचा खांब धरून उभी राहिले.

"बाई, गाडी आम्ही नेतो," मी म्हटलं.

हे वाकल्या वाकल्या थांबले. "अवं, पन मले चालवता येत नाही हे. क्लच कोन दाबन?"

"तुम्हाला चालवायला सांगितलंय कोणी? तुम्ही खोला. चालवीन मी."

"तू?"

"का? सरकारी स्कूटीवर वीस वर्षं नाले ओलांडले मी. तीन चाकं तर एकानं जास्तच झाली!"

ड्रायव्हरभाऊ म्हणाले, "वहिनी, पिवळी सोपी होती हो."

"म्हणूनच नको," मी म्हटलं. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. काय समजले देव जाणे, पण नट सापडल्यावर तो त्यांनी माझ्या हातात दिला नाही, स्वतःच्या खिशात टाकला.

टेम्पोत घालून गाडी घरी आणली आणि माझ्या घराचं वर्कशॉप झालं. मसाल्याच्या डब्याच्या सात वाट्यांत सात मापांचे नट. इडलीच्या साच्यात वॉशर. रॉकेलचा वास पोळ्यांना. मी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं, "मी काही धरणार नाही. दुसरा हात आहे तुम्हाला." सोपं नव्हतं ते. पाना घसरायचा, बोल्ट पडायचा, हे शिव्या घालायचे, त्यातल्या निम्म्या मला. एकदा एक साधा स्क्रू अर्धा तास धरता येईना, तेव्हा हे ओट्यावर बसून रडले. मी स्वयंपाकघरात उभी होते. जावं, स्क्रू धरावा, असं शंभरदा वाटलं. मी नळ सोडला आणि धुतलेलीच भांडी परत धुतली.

आषाढात डावा अंगठा आणि पहिलं बोट जुळू लागलं. श्रावणात नट धरता आला, सैलसर, पण धरता आला. फिजिओथेरपीवाली एक दिवस विचारू लागली, "काका, चेंडू कुठे आहे?" ह्यांनी गाडीखाली बोट दाखवलं. चेंडू कापून, हादरे सोसायला त्याचा रबरी बुश करून इंजिनाखाली बसवला होता. तिनं कपाळाला हात लावला, मग ह्यांचं बोट हातात घेऊन वाकवून पाहिलं आणि म्हणाली, "नवीन चेंडू नाही देत मी तुम्हाला."

गाडीची पाठ गंजून चाळणी झाली होती. ती किटवाल्यानं त्याच्या साच्यातून काढून दिली, वर स्वतः येऊन बसवली. म्हणजे आमच्या गाडीचं पोट अस्सल आणि पाठ नकली. ह्यांना आधी ते खपत नव्हतं. मी म्हटलं, "माझे पुढचे दोन दात कुठले आहेत? मग मी काय नक्कल आहे?" त्यावर पाना उचलून कामाला लागले. पुढचं चाकही वाकडं निघालं, म्हणून स्टेपनी काढून पुढे लावली.

पोळ्याच्या दिवशी गल्लीत बैल सजून निघाले होते आणि आमच्या अंगणात इंजीन पहिल्यांदा सुरू झालं. इतका धूर की बैल बुजले. ड्रायव्हरभाऊ नाचायचे तेवढे बाकी होते. "उठला बे, आपला बैल उठला!" मग शाळेच्या मैदानावर माझं शिक्षण सुरू झालं. वळताना गाडी एका अंगाला अशी कलायची की माझा जीव टांगणीला. दोनदा गोलपोस्ट वाचलं, एकदा नाही वाचलं.

दसऱ्याला हेडमास्तरीणबाई एसटीनं आल्या. गाडीला झेंडूचा हार, हळदीकुंकू, नारळ. बाई बाजूला हात बांधून उभ्या. "चालू द्या तुमचं. मी फक्त बसायला आले." लिंबं मी सवयीनं चार आणली होती. ड्रायव्हरभाऊंनी त्यातली तीन, प्रत्येक चाकाखाली एक अशी ठेवली. चौथं माझ्या हातात.

"स्टेपनीले ठेव," हे म्हणाले. "ते पन चाकच आहे."

"स्टेपनी पुढे लावलीत ना तुम्हीच!"

"हो वं! आन इकडे." माझ्याकडून लिंबू घेऊन ते गाडीत बसले. बाई मागे, हे माझ्या शेजारी, स्टिअरिंगवर मी. ड्रायव्हरभाऊ जीप घेऊन पाठीशी, न जाणो ढकलावी लागली तर. किल्ली फिरवली, पहिला गिअर टाकला, तिन्ही लिंबं चिरडली गेली आणि आम्ही गल्लीतून बाहेर पडलो. लोक ओट्यांवर आले, कोणी शिट्टी मारली. आरशात पाहिलं तर बाईंचा पदर डोळ्यांना. चौकापाशी त्यांनी नाक पुसलं आणि आवाज पूर्ववत करून म्हणाल्या, "काय सिस्टर, आज गाडीत आपण तिघंच. खडा घेतला का?"

इतकी तयारी केली आणि नेमका खडा विसरले! पाय आपोआप ब्रेकवर गेला.

"थांबू नको," हे म्हणाले. "चौथं आहे ना माह्याजवळ." आणि मूठ पुढे केली.

डावी मूठ. पाचही बोटं मिटलेली. आत लिंबू पार चेपलं होतं, साल फाटून रस मनगटावरून कोऱ्या पांढऱ्या पायजम्यावर गळत होता. त्यांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं. "अबे," ते हळूच म्हणाले, "हे म्याच दाबलं काय?"

भर चौकात गाडी बंद पडली. मी स्टिअरिंगवर डोकं ठेवून हंबरडा फोडला. मागून ड्रायव्हरभाऊ हॉर्न वाजवत होते, बाई माझ्या खांद्यावर थोपटत होत्या आणि हे मूठ उघडायला काही तयार नव्हते.

"रडनं झालं असन तं क्लच दाब आन् किल्ली मार," ते म्हणाले. "मांगं एसटी उभी आहे."